लोकलची गर्दी, तळेगावची काच आणि कुलाब्याचा बाक

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना सुटलेली दोन-चार वाक्यं इथे नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हा भाग तुम्ही बहुतेक गाडीत ऐकताय. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, यातल्या कुठल्या तरी स्टेशनवर चढला असाल, एक कान उघडा ठेवला असेल आणि बॅग पुढे छातीवर घेतली असेल. मग आजचा विषय तुमच्या आजूबाजूलाच उभा आहे.

सकाळची बदलापूर गाडी आठवा. गाडी बदलापूरहूनच सुटते, म्हणजे इथे चढणाऱ्याला जागा मिळायला हवी. पण गाडी प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा बाकं आधीच भरलेली असतात, कारण विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथची मंडळी डाउन गाडीत बसून उलटी आलेली असतात. त्यावरून रोज भांडण. त्यात आज पडायचं नाही! मला तुमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे वेधायचंय.

समजा तुम्ही डब्याच्या मधोमध अडकलाय आणि दारापाशी जायचंय. अंतर किती? आठ-दहा पावलं. रिकाम्या डब्यात पाच सेकंदांचं काम. गर्दीत तुम्ही एक स्टेशन आधीच विचारायला लागता, "ठाणा उतरणार का?" पुढचा म्हणतो, "नाही, पण या इकडून." तो सरकायला तयार आहे, पण त्याला सरकायला त्याच्या शेजाऱ्याने हलायला हवं. शेजाऱ्याच्या मागे आणखी एक. म्हणजे एका माणसाला एक पाऊल टाकायचं तर पाच-सहा माणसांनी एकत्र जमवून घ्यावं लागतं.

आणि आता त्या डब्याचा फोटो काढा. गर्दी थोडी कमी असतानाचा एक आणि अगदी खच्चून भरलेली असतानाचा एक. दोन्ही फोटो जवळपास सारखे दिसतील. माणसं तशीच वेडीवाकडी उभी, रांग नाही, नक्षी नाही. फोटोत फरक फार थोडा, पण दारापाशी पोचायला लागणाऱ्या वेळात फरक प्रचंड.

काच म्हणजे नेमकं हेच. तुमच्या मोबाइलची स्क्रीन, घरातला आरसा, खिडकी. आत कण कसेही पसरलेले, अगदी द्रवात असतात तसे. फोटो द्रवाचा, पण वागणं दगडाचं. का? हा प्रश्न साधा वाटतो. पण फिलिप अँडरसन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं होतं की घन पदार्थांच्या सिद्धान्तातला सगळ्यात खोल, न सुटलेला प्रश्न बहुधा हाच असावा. तो आजही पूर्ण सुटलेला नाही.

या प्रश्नाच्या इतिहासाची दोन टोकं आपल्याच रेल्वेलाइनच्या दोन दिशांना आहेत. म्हणून आज ही लाइन धरूनच जाऊ.

आधी पुण्याच्या दिशेने

बदलापूरहून कर्जत, घाट चढून लोणावळा, मग तळेगाव. या तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला.

पैसा फंडाची गोष्ट शाळेत बहुतेक एका ओळीत उरकली जाते. अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकाची ही कल्पना: प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी ती उचलून धरली. स्वदेशीचे दिवस होते. जमलेल्या पैशांतून कारखाना उभा राहिला तो काचेचा. परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम बघायला होते. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले काच कारखाना निघाला. ज्यांच्या आजीकडे जुना 'प्रभाकर' कंदील आहे, त्यांनी तो नीट बघा. तो ओगलेवाडीचा.

आता गंमत बघा. काच करणाऱ्या कुठल्याही कारागिराला एक गोष्ट पक्की माहीत असते: काच वितळवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती थंड करणं महत्त्वाचं. फुंकून केलेली बरणी तशीच उघड्यावर ठेवली तर ती काही वेळाने आपोआप तडकू शकते. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून आकसतो आणि ताण आत अडकून बसतो. म्हणून वस्तू पुन्हा एका भट्टीत ठेवायची आणि तासन्‌तास हळूहळू थंड करायची. खिडकीच्या साध्या काचेसाठी ही वेळ देण्याची जागा साधारण साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याच्या बरंच वर काच मधासारखी वाहते, बरंच खाली ती जागची हलत नाही. त्या मधल्या पट्ट्यात कणांना थोडी सरकायची मुभा असते, आणि तेवढ्यात त्यांनी आपापसांतला ताण सोडवायचा असतो.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तळेगावच्या भट्टीपाशी उभा असलेला माणूस कणांच्या मंदगतीशीच रोज व्यवहार करत होता. त्याच्याकडे सिद्धान्त नव्हता. घाई केली तर माल फुटतो, एवढा अनुभव होता.

वाटेत लोणावळ्याला थांबू, कारण तिथे चिक्की आहे! साखर किंवा गुळाचा पाक गोळीबंद करून ताटात ओतला, पटकन थंड झाला की कडक, चकचकीत, फोडली की कड्‌कन तुटणारी चिक्की. ही खाण्याची काचच आहे. तीच साखर पाकात बरेच दिवस शांतपणे ठेवली तर कणांना रांगेत लागायला वेळ मिळतो आणि खडीसाखर होते. ती स्फटिक. साखर एकच, फरक मिळालेल्या वेळाचा. पावसाळ्यात चिक्की मऊ, चिकट का होते, तेही आता कळेल. हवेतलं पाणी आत शिरतं, कणांना सरकायला सोपं होतं, आणि काच पुन्हा दाट द्रवाकडे झुकते.

आणि अगदी घराजवळचं उदाहरण हवं असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख तिथे आहे, शिलाहारांच्या काळातला. मंदिराचा काळा दगड बेसॉल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो बऱ्यापैकी सावकाश थंड झाला म्हणून त्यात बारीक बारीक स्फटिक तयार झाले. त्याच जातीचा लाव्हा एकदम गार झाला असता तर काळी काच झाली असती. त्या मंदिरावर जी नक्षी तुम्ही बघता, ती कोरता आली कारण त्या लाव्ह्याला थंड व्हायला पुरेसा वेळ मिळाला होता.

जुन्या खिडक्यांची अफवा

इथे एक गोष्ट खोडून टाकू. शाळेत असताना मला सांगितलं होतं, आणि मी ते अनेकांना ऐटीत सांगितलंय, की काच खरं तर वाहत असते. पुरावा काय? युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्या खालच्या बाजूला जाड असतात.

चूक. त्या काळात काच सपाट करायची पद्धतच अशी होती की तुकडा एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघायचा. ब्राझीलच्या एडगर झानोट्टो यांनी १९९८ मध्ये हिशोब मांडला, की साध्या तापमानाला खिडकीची काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला किती काळ लागेल. उत्तर विश्वाच्या वयाच्या कितीतरी पलीकडे गेलं.

पण खरंच अतिशय सावकाश वाहणारी गोष्ट बघायची असेल तर ऑस्ट्रेलियात आहे. १९२७ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी गरम डांबर एका नरसाळ्यात ओतलं. तीन वर्षं बसू दिलं. १९३० मध्ये खालचं टोक कापलं. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये! आठवा २००० मध्ये, नववा २०१४ मध्ये. हातोडी मारली तर हे डांबर खापरीसारखं फुटतं. तरी ते वाहतंय.

मग काच आणि हे डांबर यांच्यात रेघ कुठे ओढायची? शास्त्रज्ञांनी सोयीसाठी एक आकडा ठरवलाय: पदार्थ पाण्यापेक्षा एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने दाट झाला की त्याला काच म्हणायचं. पण ही रेघ माणसाच्या सोयीची आहे, आमचा प्रयोग संपेपर्यंत हलला नाही तर काच, अशी. निसर्गात तशी रेघ आहे का? कण खरोखर थांबतात, की फक्त इतके सावकाश होतात की आपलं आयुष्य पुरत नाही?

आजच्या भागाचा प्रश्न हा आहे.

डब्याचा नियम, कागदावर

खऱ्या काचेत कोट्यवधी अणू, त्यांची ओढाताण, सगळं गुंतागुंतीचं. म्हणून १९८४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ग्लेन फ्रेडरिक्सन आणि हॅन्स अँडरसन यांनी उलट वाट धरली. (हे अँडरसन वेगळे, मघाचे वेगळे.) त्यांनी जवळपास सगळंच काढून टाकलं. चौकटीचा कागद घ्या. प्रत्येक चौकट एकतर हलती किंवा गोठलेली. शेजाऱ्यांची एकमेकांवर ओढ नाही, राग नाही, काही नाही. फक्त एक नियम: तुझ्या आजूबाजूला पुरेसे हलते शेजारी असतील तरच तुला बदलता येईल.

म्हणजे गाडीतलाच नियम. शेजाऱ्याने वाट दिली तर तू हल.

एवढ्या एका नियमातून काचेसारखी मंदगती दिसू लागली. याचा अर्थ मोठा आहे. कण एकमेकांना चिकटतात म्हणून काच थांबते असं मानायची गरज नाही. नुसती वाट मिळायची अडचणही पुरते.

मग १९९३ मध्ये वॉल्टर कॉब आणि त्याच हॅन्स अँडरसन यांनी खऱ्या गर्दीच्या आणखी जवळचं मॉडेल केलं. तीन मितींची जाळी, प्रत्येक जागेला सहा शेजारी. कण शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊ शकतो, पण अट अशी की निघण्याआधी आणि पोचल्यावरही त्याला चारपेक्षा कमी शेजारी असले पाहिजेत. समोर जागा आहे, पण तुम्ही सगळीकडून इतके दाबलेले आहात की तिथे शिरता येत नाही. दादरला उतरू न शकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी कॉम्प्युटरवर गर्दी वाढवत नेली. सुमारे ८८ टक्के जागा भरल्या आणि सगळं ठप्प झाल्यासारखं दिसलं. वाटलं, सापडली रेघ! इथे कण खरोखर थांबतात.

अकरा वर्षांनी, २००४ मध्ये, क्रिस्टिना टोनिनेली, जूलिओ बिरोली आणि डॅनियल फिशर यांनी गणिताने सिद्ध केलं की रेघ तिथे नाहीच. जाळी अमर्याद मोठी असेल तर ९० टक्के असो, ९५ असो, ९९ असो, एकही रिकामी जागा उरत नाही तोपर्यंत हालचाल पूर्ण थांबत नाही. कुठेतरी लांब काही मोकळ्या जागांचा योग जुळतो, तो पुंजका सरकत येतो आणि वाट करून देतो. फक्त तो योग इतका दुर्मिळ होत जातो की लागणारा वेळ भयंकर वेगाने वाढतो. कॉम्प्युटरला जे थांबलेलं दिसलं ते थांबलेलं नव्हतं. कॉम्प्युटर पुरेसा वेळ बघत बसला नव्हता, आणि त्याची पेटी पुरेशी मोठी नव्हती.

आता मुंबईच्या दिशेने

गाडी पकडा, सीएसएमटीला उतरा, तिथून कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला जा. समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आपण टीआयएफआर म्हणतो ती. १९४५ ची स्थापना, होमी भाभांची.

तिथे १९९४ मध्ये मुस्तनसिर बर्मा आणि दीपक धर यांनी एक मॉडेल प्रसिद्ध केलं. बर्मा मुंबईचेच, झेवियर्सचे विद्यार्थी, पुढे या संस्थेचे संचालक झाले. धर उत्तर प्रदेशातले, आयुष्याचा मोठा काळ कुलाब्यात, नंतर पुण्याला आयसरमध्ये. २०२२ मध्ये त्यांना बोल्ट्‌झमन पदक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. सांख्यिकी भौतिकशास्त्रात हा सगळ्यात मोठा मान.

त्यांचं मॉडेल मी प्लॅटफॉर्मच्या भाषेत सांगतो. मूळ निबंधात बाक नाही, हा माझा बाक आहे.

एक लांब बाक समजा. नियम दोन. एक, बसायला तिघांचाच घोळका येतो आणि त्यांना सलग तीन रिकाम्या जागा लागतात. दोन, उठताना सलग बसलेले कोणतेही तिघं एकत्र उठतात. लक्षात घ्या, जे तिघं एकत्र आले तेच उठतील असं नाही. एका घोळक्यातले दोन आणि शेजारच्यातला एक असंही चालेल. संपले नियम.

चार जागांचा बाक घ्या. पहिल्या तिन्हीवर माणसं, चौथी रिकामी. तिघं उठले, बाक मोकळा. आता नवे तिघं आले आणि दोन-तीन-चारवर बसले. रिकामी जागा चौथ्यावरून पहिल्यावर आली! कोणी ती उचलून नेली नाही, तरी ती सरकली.

आता एक खेळ करा. बाकावर भरलेल्यासाठी १ आणि रिकाम्यासाठी ० लिहा. सलग तीन १ किंवा सलग तीन ० दिसले की कात्री लावा. उरलेलं जोडा, पुन्हा बघा, पुन्हा कापा. शेवटी जी आणखी कापता येत नाही अशी माळ उरते, तिला शिल्लक माळ म्हणू. बर्मा आणि धर यांनी दाखवलं ते असं: बाकावर कितीही ये-जा होऊ द्या, तास, दिवस, वर्षं, ही शिल्लक माळ कधीच बदलत नाही. आपल्या चार जागांच्या बाकावर तिन्ही वेळा शिल्लक एकच होती, एक ०. करून बघा.

म्हणजे बाकाला आपली सुरुवात कायम आठवते. त्या माळेतले आकडे मागे-पुढे सरकतात, पण एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. कॅम्पातल्या अरुंद गल्लीत समोर हातगाडी आली की सगळे एकामागे एक, ओव्हरटेक बंद, तसं. आणि ओव्हरटेक बंद असलं की चाल किती मंदावते याचं गणित आहे. कणाला मोकळं भटकू दिलं तर दहापट अंतर जायला शंभरपट वेळ लागतो. एकेरी रांगेत तेच दहापट अंतर जायला दहा हजारपट!

शिल्लक माळ वेगळी, तर बाकाची मंदगतीही वेगळ्या जातीची. नियम तेच, बाक तोच, पण सुरुवात कशी झाली यावर पुढचं सगळं ठरतं.

आता माझा आवडता भाग. काही मांडण्या जन्मापासूनच अडकलेल्या असतात, जिथे सलग तीन सारखे कुठेच नाहीत. कोणी बसू शकत नाही, कोणी उठू शकत नाही. अशा किती? प्रत्येक सलग तुकडा एक जागेचा किंवा दोन जागांचा असणार. एक किंवा दोन... दहावीला वृत्त ओळखताना काय करत होतो? लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन! चार मात्रा लघु-गुरूंनी पाच प्रकारे भरता येतात. हा हिशोब विरहांक आणि हेमचंद्र यांनी छंदशास्त्रासाठी मांडला होता, हेमचंद्रांनी साधारण ११५० च्या सुमारास. पुढे जग त्याला फिबोनाची संख्या म्हणू लागलं. त्या पाचाची दुप्पट करा, कारण सुरुवात १ ने किंवा ० ने होऊ शकते. चार जागांच्या बाकावर अडकलेल्या मांडण्या दहा. दहा जागांच्या बाकावर एकूण १०२४ मांडण्या, त्यातल्या १७८ अडकलेल्या. अकराव्या-बाराव्या शतकात अंबरनाथचं मंदिर नवं होतं, त्या काळातलं छंदांचं गणित १९९४ मध्ये कुलाब्यात बाकावर येऊन बसलं.

तर मग?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बाक म्हणजे काच नाही. खरी काच इतकी साधी नाही, आणि गाडीतली माणसं तर कणच नाहीत. कणाला ऑफिसला उशीर होत नाही, दारात लटकताना त्याचा हात सुटत नाही. गर्दी हा आपल्याकडे जिवाशी खेळ आहे, आणि त्याचं उत्तर जास्त गाड्या हेच आहे, मॉडेल नाही.

पण या मॉडेलांनी एक सवय लावली. काहीतरी थांबलेलं दिसलं की मी आता विचारतो, हे खरंच अडकलंय की सावकाश चाललंय? कॉब-अँडरसनच्या जाळीत ते सावकाश चाललेलं निघालं. आपल्या बाकावरच्या १७८ मांडण्यांमध्ये ते खरंच अडकलेलं आहे, कितीही वाट बघा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळायला नुसती वाट बघणं पुरलं नाही, कोणाला तरी बसून सिद्धता लिहावी लागली.

खऱ्या काचेचा निकाल अजून लागायचाय. तुमच्या हातातल्या स्क्रीनचे कण थांबलेत की चाललेत, यावर आजही वाद चालू आहे.

घरी गेल्यावर दोन कामं. एक, चार जागा काढा आणि अडकलेल्या दहा मांडण्या लिहून बघा. दोन, चिक्कीचा तुकडा आणि खडीसाखरेचा खडा शेजारी ठेवून फोडा, आणि तुटलेल्या कडा बघा. स्फटिकाला सपाट बाजू असतात, काच कशीही वळणदार तुटते. नंतर खाऊन टाका!

आणि आता बहुतेक तुमचं स्टेशन आलं असेल. एक स्टेशन आधीच विचारायला सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात.